डिमेंशियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) शेवटच्या टप्प्यात नाकातली नळी: घालायची का, घातलेली असेल तर कशी सांभाळायची, आणि हातानं कसं भरवायचं

रात्री साडेअकराला सिस्टरनं पॅड पुढं केलं, "इथं सही करा, नळी टाकायची आहे, नाहीतर आजोबा उपाशी राहतील." आमच्या ह्यांनी सही केली. कोण नाही करणार? गड्याची न्याहारी झाली का हे विचारल्याशिवाय मामाजी, म्हणजे माझे सासरे, स्वतः कधी ताटावर बसले नाहीत, आणि त्यांनाच आता उपाशी ठेवायचं का. तर नळी गेली, ती ३८ दिवस राहिली, त्यातले पहिले नऊ दिवस त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्याला पट्टीनं बांधून होते कारण ते नळी ओढत होते. मग नळी निघाली आणि पुढचे सात महिने मी आणि सासूबाईंनी त्यांना चमच्यानं भरवलं. दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहून राहिले.

मी डॉक्टर नाही, मोर्शी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. लेकरांना भरवायचा अनुभव होता, पण तो इथं अर्धाच कामी आला, कारण लेकरू रोज थोडं जास्त शिकतं आणि इथं रोज थोडं कमी होत जातं. औषध, नळी, डोस यातलं काहीही तुमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलू नका, हे एकदाच सांगते, परत परत नाही सांगणार.

आधी खाणं कशानं बंद झालं ते शोधा

नळीचा विषय निघाला की सगळे थेट "टाकायची की नाही" यावरच येतात. त्याच्या आधी दोन दिवस काढा आणि कारण बघा, कारण बऱ्याचदा खाणं बंद व्हायला डिमेंशिया एकटा जबाबदार नसतो. तोंड उघडून मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघा. जिभेवर, गालाच्या आतून पांढरे दह्यासारखे डाग असतील तर ते बुरशीचं इन्फेक्शन, साध्या औषधानं आठवड्यात बसतं. कवळी ढिली झाली आहे का, दाढ किडली आहे का, हिरड्या सुजल्या का. आपल्याकडं खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, हे एक वेगळंच प्रकरण आहे, चाळीस वर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचं तोंडच दोन बोटांच्या वर उघडत नाही आणि तिखट लागलं की आग होते, बोलता येत नाही म्हणून तो सांगत नाही, फक्त तोंड फिरवतो आणि आपण म्हणतो बुढा हट्टी झाला. गालात घट्ट पट्टा, न भरणारी जखम दिसली तर आधी दातांच्या डॉक्टरकडं न्या.

पोट किती दिवस साफ नाही ते मोजा. मामाजींना सहा दिवस झाले होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता. लघवीचं इन्फेक्शन, ताप, कुठं दुखतंय का, हे तपासून घ्या. गोळ्यांची पिशवी डॉक्टरसमोर उलटी करा आणि विचारा यातली कोणती भूक मारते, कोणती झोप आणते. डिमेंशियासाठी देतात त्या डोनेपेझिल गोळीनं काहींना मळमळतं, भूक जाते. रात्री ओरडतात म्हणून दिलेल्या शांत करायच्या गोळीनं माणूस दुपारपर्यंत गुंगीत राहतो, मग जेवणार कधी? आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ला जातो तेव्हा पाणी कमी पडून सुद्धा माणूस असा मलूल होतो की वाटतं संपलंच.

एक साधा हिशोब लक्षात ठेवा. खाणं चार-आठ दिवसांत अचानक बंद झालं तर बहुतेक काहीतरी नवीन झालंय, ते शोधा. महिने-महिने हळूहळू कमी होत आलं, आधी भाकर सुटली मग भात सुटला मग खिचडी तोंडात धरून बसायला लागले, तर तो आजारच पुढं सरकलाय.

लकव्याचा पेशंट वेगळा, हे पण आत्ताच सांगून टाकते. पॅरालिसिसचा झटका आला, गिळणं गेलं, तर काही आठवडे नळी ठेवून गिळणं परत येऊ शकतं, तिथं नळी ही मधली सोय असते. ऑपरेशन झालं, घशाचा आजार असला, तेही वेगळं. मी इथं फक्त शेवटच्या टप्प्यातल्या डिमेंशियाबद्दल बोलून राहिले. तो टप्पा म्हणजे दिवसभरात पाच-सहा शब्द तोंडातून निघाले तर निघाले, चालणं बंद, आधार दिल्याशिवाय बसता येत नाही, लघवी-संडास कपड्यात, घरच्यांची ओळख गेलेली.

नळ्या दोन प्रकारच्या

नाकातून घशावाटे पोटात जाते ती रायल्स ट्यूब, दवाखान्यात नुसतं आरटी म्हणतात. दुसरी पेग, ती दुर्बिणीनं बघत पोटाच्या कातडीतून सरळ जठरात बसवतात, नाक मोकळं राहतं. ही पेगची पद्धत १९८० च्या सुमारास अमेरिकेत निघाली आणि निघाली ती लहान मुलांसाठी, ज्यांना गिळता येत नव्हतं अशा लेकरांसाठी. म्हाताऱ्या माणसांना ती नंतर लागायला लागली. आपल्याकडं तालुक्याला मिळते ती नाकातली, पेग म्हणजे अमरावती-नागपूर गाठावं लागतं.

नळीनं काय होत नाही ते ऐका

नळीनं पोटात अन्न जातं, औषध जातं. एवढंच खात्रीनं सांगता येतं.

आम्हाला सांगितलं होतं की नळी टाकली की अन्न फुप्फुसात जाणार नाही, निमोनिया होणार नाही. हे चूक आहे. तोंडातली थुंकी तर नळीतून जात नाही ना, ती आधीसारखीच श्वासनळीत उतरते, आणि पोटात नळीनं सोडलेलं अन्न उलटून वर येतं ते वेगळंच. मामाजींना नळी असतानाच बाविसाव्या दिवशी निमोनिया झाला.

अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीनं, २०१४ मध्ये लेखी भूमिका घेतली की शेवटच्या टप्प्यातल्या डिमेंशियात खाण्याची नळी सुचवू नये, हातानं जपून भरवावं. युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये तेच म्हटलं. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, जगभरातले सगळे अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांनी २००९ मध्ये बघितलं आणि परत २०२१ मध्ये बघितलं, नळीमुळं माणूस जास्त जगला असा पुरावा सापडला नाही, उलट पाठीच्या जखमा, बेडसोअर म्हणतो आपण, त्या वाढत असाव्यात असं दिसलं. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत अशा पेशंटपैकी २००० साली शंभरात जवळपास १२ जणांना नळी पडत होती, २०१४ पर्यंत ते ६ च्या आत आलं. म्हणजे जिथं ही नळी निघाली तिथंच ती कमी होत चालली आणि आपल्याकडं अजून "टाकून घ्या, बरं पडेल" चालू आहे.

अजून एक आकडा मला फार कामाला आला. २००९ च्या एका अभ्यासात अशा ३२३ पेशंटांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं, शंभरातल्या ८६ जणांना खाण्याचा त्रास झाला. म्हणजे खाणं बंद होणं हा या आजाराचाच भाग आहे, सुनेनं नीट केलं नाही म्हणून झालं असं नाही. माझ्या नणंदेला हा आकडा मी व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, मुद्दाम.

सासूबाईंना मात्र आकड्यांनी नाही पटलं. त्यांना आमच्या शेजारच्या काकाजींचं बोलणं पटलं, ते ओसरीवर बसून पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, उदाहरण देत म्हणाले, "पऱ्हाटी वाळाले लागली का मंग युरिया टाकून हिरवी होते का वं वयनी? पानी द्या, पन तिची वाळाची येळ झाली."

दवाखान्यात विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या, कारण तिथं गेल्यावर तोंडाला कुलूप लागतं. मी हेच प्रश्न दुसऱ्या वेळी विचारले आणि डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसून उत्तरं दिली, घाईत होते तरी.

नळी कशासाठी टाकून राहिले, कोणता त्रास यानं कमी होईल? किती दिवसांसाठी? काढायची कधी ते कोण ठरवणार? नाही टाकली तर तुम्ही काय काय कराल? हात बांधावे लागतील का? हा गिळण्याचा त्रास परत सुधरणारा आहे की नाही? आणि शेवटचा, जो विचारायला जीभ रेटत नाही पण विचारा, "तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं, डॉक्टरसाहेब?"

त्यांनी "बघू पुढं" म्हटलं तर तुम्ही तारीख मागा. चौदा दिवस करून बघू, चौदाव्या दिवशी परत बसू. तारीख नसली तर नळी कोणी काढत नाही, कारण टाकणं सोपं असतं आणि "काढा" म्हणायची जबाबदारी कोणालाच नको असते.

घरच्यांना आधीच बसवा

हे अॅडमिट व्हायच्या आधी, घरी, दिवसाउजेडी करा. आमचे भासरे, म्हणजे मोठे दीर, पुण्याला, नणंद अमरावतीला. जो रोज भरवतो त्याला माहीत असतं काय चाललंय, आणि जो सहा महिन्यांनी येतो त्याला एकदम धक्का बसतो, मग तो सगळ्यात जोरात बोलतो, "काहीही करा पण नळी टाका, पैसे मी देतो." त्याला दोष देऊ नका, त्याच्या जिवाला लागलेलं असतं. त्याला फक्त एक दिवस तिन्ही वेळा भरवायला बसवा. भासरे एक दिवस बसले, दुपारपर्यंत गप्प झाले, संध्याकाळी म्हणाले तुम्ही ठरवा ते.

गावाचं बोलणं येणारच. नळी निघाल्यावर आठ दिवसांत मला पाण्याच्या टाकीजवळ विचारलं, "काहून वं, बुढ्याले उपाशी ठेवून राह्यले का तुमी?" मी म्हटलं या की दुपारी, तुम्ही भरवा दोन चमचे. आल्या. पाऊण तास लागला त्यांना अर्धी वाटी शिरा भरवायला. त्यानंतर गावात मला काही सांगावंच लागलं नाही.

हातानं भरवायचं कसं

इथं मी जास्त लिहिणार, कारण "हातानं भरवा" म्हणून सगळे सांगतात आणि कसं ते कोणी दाखवत नाही.

पूर्ण जागे असतील तेव्हाच भरवा. हाक मारली, गालाला हात लावला तर डोळे उघडून बघतात का? नाही तर ताट झाका, अर्ध्या तासानं परत या. घड्याळ बघून भरवू नका. मामाजी सकाळी साडेसात ते नऊ सगळ्यात चांगले असायचे, म्हणून दिवसातलं मोठं खाणं आम्ही तेव्हाच दिलं आणि रात्रीचं जवळपास सोडूनच दिलं.

बसवा सरळ. झोळ पडलेल्या बाजेवर माणूस सरळ बसतच नाही, कंबर खाली जाते आणि मान मागं पडते, आणि मान मागं म्हणजे श्वासनळी उघडी. आम्ही लाकडी खुर्चीत बसवायचो, पाठीला लोड, दोन्ही बाजूंना घडी केलेल्या गोधड्या, पाय टेकायला पाट. हनुवटी किंचित खाली. खुर्चीत जमत नसेल तर पलंग भिंतीला लावून जेवढं ताठ बसवता येईल तेवढं. आडवं ठेवून एक घोट पण नाही, लाडानं पण नाही.

तुम्ही त्यांच्यासमोर आणि त्यांच्या उंचीला बसा. उभं राहून भरवलं की ते वर बघतात, मान मागं जाते, झालं. टीव्ही बंद, लेकरं बाहेर.

चमचा चहाचा घ्या, अर्धा भरा. आधी ओठाला टेकवा, वास येऊ द्या, तोंड उघडायची वाट बघा. चमचा जिभेवर थोडा दाबून ठेवला की तोंड आपोआप मिटतं. मग हात खाली घ्या आणि गळ्याकडं बघा, गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते तेव्हा एक घास गेला. ती हलल्याशिवाय दुसरा चमचा उचलायचाच नाही. मी पहिल्या आठवड्यात तोंडाकडं बघत होते, तोंड रिकामं दिसलं की पुढचा घास, आणि त्यांच्या उजव्या गालात तीन घास साठलेले असायचे. गालावरून बाहेरून बोट फिरवलं की कळतं. साठला असेल तर "गिळा मामाजी" म्हणून उपयोग नाही, त्यांना शब्द कळत नाही, रिकामा चमचा ओठाला लावा, कित्येकदा त्यानं गिळणं सुरू होतं. आपण स्वतः समोर बसून गिळून दाखवलं तरी कधी कधी बघून गिळतात.

नाक दाबून तोंड उघडवणं, पेला लावून ओतणं, सिरिंजनं घशात सोडणं, हे करू नका. जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी करतं, मला माहीत आहे.

खायला काय द्यायचं. चमचा तिरका केला तर पदार्थ एका गोळ्यानं हळू घसरला पाहिजे, पाण्यासारखा ओघळला नको आणि चमच्याला चिकटून पण बसला नको. आपली ज्वारीची आंबील यासाठी बनल्यासारखी आहे, रात्री ताकात पीठ भिजवायचं, सकाळी शिजवायचं, जिरं आणि मीठ. घट्टपणा हातात राहतो. मिक्सरमधून काढलेल्या कण्या, मऊ शिरा दूध-तूप सढळ घालून, मुगाच्या खिचडीचं वाटण, कुस्करलेलं केळं, पपई, बिया एकूण एक काढून सीताफळाचा गर, मऊ उकडलेलं अंडं दुधात कुस्करून. थोडंच खाणार आहेत तर त्या थोड्यातच जोर असू द्या, तूप, साय, गूळ, एकदम बारीक वाटलेलं दाण्याचं कूट, पण कुटाची कणी राहिली नाही पाहिजे. डिमेंशियात बऱ्याच जणांना गोड आवडायला लागतं. सावजी रश्शावर वाढलेला माणूस शेवटी फक्त गोड शिऱ्यालाच तोंड उघडायचा. शुगर आहे म्हणून गोड तोडलं असेल तर डॉक्टरला विचारा की आता किती कडक राहायचं, आमच्या डॉक्टरांनी बरीच सूट दिली.

धोक्याचं म्हणजे पातळ आणि घन एकत्र असलेलं. पातळ वरणात मोकळा भात, दुधात पोहे, रस्सा आणि फोड. तोंडाला कळत नाही पातळ आधी गिळू की चावू. चिवडा, दाणे, हुरडा, पोळीचा कोरडा तुकडा, चिकट भाताचा गोळा, सगळं बंद. आणि संत्रा. ज्या माणसानं आयुष्यभर संत्र्याची बाग केली, आंबिया बहाराचं पाणी कधी तोडायचं हे ज्याला तालुक्यातून लोक विचारायला यायचे, त्याला संत्र्याची एक फोड द्यायची सोय राहिली नाही, साल-पडदा घशात अडकतो आणि रस पाण्यासारखा पळतो. मी रस शिऱ्यात घालून द्यायचे. चमचा तोंडात गेल्यावर क्षणभर थांबायचे ते.

पाणी सगळ्यात अवघड. साधं पाणी घशातून एवढं जोरात जातं की ठसका बसतो, म्हणून घट्ट पेय, आंबील, घट्ट ताक, दही. पण घट्टसर दिलं की माणूस एकूण कमीच पितो, म्हणून लघवीचा रंग रोज बघा, गडद पिवळी दिसली तर दिवसभरात फेऱ्या वाढवा, एका वेळी जास्त देऊ नका.

थांबायचं कधी? खोकला, डोळ्यात पाणी, आवाज ओला घरघरा होणं, श्वास जोरात चालणं, तोंड घट्ट मिटणं, मान फिरवणं. तोंड फिरवलं म्हणजे "नको" असं समजा, त्यांच्याकडं आता तेवढीच भाषा आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर ओढू नका. आवाज बंद, चेहरा निळा पडला तर पुढं वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं जोरात पाच थापा आणि कोणाला तरी १०८ लावायला सांगा.

झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. आणि तोंड धुवा, दिवसातून दोनदा तरी, मऊ ब्रश किंवा बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून, गालाच्या आत, जिभेवर. आपल्याला वाटतं हे शोभेचं काम आहे, पण घाण तोंडातली थुंकी फुप्फुसात गेली तर निमोनियाची भीती जास्त, म्हणून हे भरवण्याएवढंच गरजेचं.

एक वही करा. काय, किती चमचे, ठसका बसला का, पोट साफ झालं का. डॉक्टरला "काहीच खात नाहीत" म्हणण्यापेक्षा वही दाखवली की बोलणं वेगळं होतं. वजन कमी होणार आहे, तुम्ही सगळं बरोबर केलं तरी होणार आहे.

नळी आधीच टाकलेली असेल तर

तर जीव जाळू नका, नीट सांभाळा. सुट्टी द्यायच्या आधी सिस्टरकडून दोनदा शिकून घ्या, एकदा बघून आणि एकदा तुम्ही करून, त्या बघतील.

नाकाजवळ नळीवर पेननं खूण करून घ्या, घरी दर वेळी आधी ती खूण बघायची. खूण बाहेर सरकली असेल तर काहीच सोडायचं नाही, फोन करायचा. सिरिंजनं हवा मारून पोटात गुडगुड आवाज ऐकणं, नळीचं टोक पाण्यात धरून बुडबुडे बघणं, या दोन्ही परीक्षा भरवशाच्या नाहीत, नळी चुकीच्या जागी असली तरी आवाज येऊ शकतो. पहिल्यांदा टाकल्यावर जागा एक्स-रेनं बघितली का हे विचाराच.

मग डोक्याकडून ३० ते ४५ अंश वर करा. हात धुवा. आधी ३० मिली उकळून कोमट केलेलं पाणी. मग सिरिंजचा दट्ट्या काढून नुसता नळकांडा जोडा, गाळलेलं अन्न ओता आणि आपल्या वजनानं उतरू द्या, दाबून ढकलू नका. आम्हाला २०० मिली सांगितलं होतं, सकाळी ६ पासून दर ३ तासांनी, रात्री ९ ला शेवटचं. एक वेळचं उतरायला वीस मिनिटं तरी लागू द्या, घाई झाली की उलटतं. नंतर परत ३० मिली पाणी, टोपण, आणि तास-अर्धा तास डोकं वरच. अन्न दोनदा गाळा, एक गाळणीतून आणि एक पातळ फडक्यातून, एवढं करून पण आमची नळी एकदा डाळीनं चोंदली. चोंदली तर कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करा, तार घालू नका, जोर लावू नका. गोळी कुटायच्या आधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात, आणि दोन गोळ्या एकत्र कुटून सोडू नका. उन्हाळ्यात केलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका.

सोडताना खोकला, उलटी, दम लागला तर लगेच थांबवा. नळी निघाली तर घरी कोणीही परत घालायची नाही, गावातला सलाईनवाला पण नाही.

हात बांधण्याबद्दल. मामाजींच्या डाव्या मनगटावर पट्टीची निळी रेघ तीन आठवडे राहिली. नऊ दिवसांनी एका वयस्कर आयाबाईनं सुचवलं म्हणून आम्ही हात सोडले आणि त्यांच्या हातात जुन्या दुपट्ट्याची घट्ट गाठ दिली, बैलाची दोरी धरल्यासारखी ते ती धरून राहायचे. सगळ्यांना जमेल असं नाही, पण करून बघा. नळी गालाला न चिकटवता कानामागून नेली तर हात कमी जातो. नाकपुडी रोज पुसा, पट्टीची जागा बदला, तोंड धुणं नळी असली तरी चालूच.

काढायची कशी, आणि कायदा

आमची नळी त्यांनीच काढली, तिसऱ्यांदा ओढून. दोनदा परत घातली होती. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच विचारलं, परत घालू का? त्यांच्याशी बोलून, सगळ्यांचं एक करून, आम्ही नाही म्हटलं, आणि हे त्यांच्याकडून केसपेपरवर लिहून घेतलं. तुमच्याकडं पण असंच करा, बोलणं तोंडी ठेवू नका. अशा वेळी सगळीच ट्रीटमेंट सोडून दिली असं होत नाही, ताप, दुखणं, दम, यावर औषध चालूच राहतं, डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा.

सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं लागतं. पण ते शुद्धीत, समज असताना लिहावं लागतं. म्हणजे मामाजींसाठी उशीर झाला होता, सासूबाईंसाठी नव्हता. त्यांनी मोर्शीत जाऊन करून घेतलं, नोटरीला म्हणाल्या, "लिहा, मले नळी नको." ज्यांनी असं काही लिहून ठेवलं नाही त्यांचे जीव टिकवणारे उपाय दवाखान्यात थांबवायचे असतील तर डॉक्टरांच्या दोन मंडळांची पद्धत आहे, ती दवाखानाच सांगेल.

बोलायला कोणी नसेल तर मानसिक आधारासाठीची टेली मानस १४४१६ आणि वृद्धांसाठीची एल्डरलाइन १४५६७, दोन्ही फुकट, मराठीत बोलतात. आशाताईला पण घरात घ्या, जखमा बघायला तिची मदत होते.

गिळणं पूर्ण थांबल्यावर

शेवटचे काही दिवस चमचा ओठाला लावला तरी काही होत नाही. तेव्हा भरवणं थांबवायचं. याच वेळी घरातून आवाज येतो, "निदान एक सलाईन तरी लावून द्या." या टप्प्यात सलाईन शरीराला झेपत नाही, पाय सुजतात, छातीत घरघर वाढते, सुई टोचून टोचून हात काळे होतात. डॉक्टरला विचारा, पण हट्ट धरू नका.

तहान लागल्यासारखं वाटतं ते बरंचसं कोरड्या तोंडाचं असतं. दर तासाला गॉझ ओलं करून, पिळून, ओठ-जीभ-गाल पुसा. ओठांना तूप लावा. कूस दर दोन तासांनी बदला. गंगाजल-तुळशीपत्र द्यायचं असेल तर ओठाला बोट लावून, एखादा थेंब, चमचा भरून घशात नाही, सगळे नातेवाईक एकेक चमचा घालतात तिथं दाराशी एकाला उभं करा. आमच्याकडं भासरे उभे राहिले.

घरीच वारले तर ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करा, नंतर दंड आणि चकरा. नळी, सिरिंज उकिरड्यावर टाकू नका, उपकेंद्रात नेऊन द्या, ते घेतात.